आमच्या साडूंचं मिरचीचं दार

पृथ्वीच्या पाठीवर कुणालाही काहीही दुखत असलं, तरी त्या दुखण्याबद्दल त्या माणसापेक्षा आमच्या साडूंना जास्त माहिती असते. हे मी कौतुकाने म्हणतो की वैतागाने, ते माझं मलाच अजून नीट उमगलेलं नाही. साडू म्हणजे आमच्या हिच्या ताईचे यजमान. जन्म राजापूरचा, शिक्षण मुंबईचं आणि उरलेलं सगळं आयुष्य कुठल्या कुठल्या थंड देशांतल्या प्रयोगशाळांमध्ये गेलेलं. निवृत्त झाल्यावर माणसं कलमांची बाग घेतात, देवस्थानाचे विश्वस्त होतात, गेला बाजार नातवंडं सांभाळायला जातात. यांनी रत्नागिरीत आमच्या पलीकडच्या गल्लीत घर घेतलं आणि भेटेल त्याला प्रोटीन समजावून सांगायला सुरुवात केली. प्रोटीन म्हटल्यावर आमच्याकडे लोकांना डाळ, अंडी आणि बांगडा आठवतो. आपल्या प्रोटीनचा जेवणाशी काही संबंध नाही, असं साडू सुरुवातीलाच बजावतात आणि मग तासभर मिरचीवर बोलतात.

यांनी आयुष्यभर केलं काय, तर एका दाराचा नकाशा काढला. मला समजलं ते असं. आपल्या मज्जातंतूंना एक पातळ भिंत असते, त्या भिंतीत प्रोटीनची दारं बसवलेली असतात आणि ती एरवी बंद असतात. मिरचीतलं तिखट एका दाराच्या खोबणीत जाऊन बसलं, की त्या दाराचा आकार बदलतो, ते उघडतं, बाहेरचे क्षार आत घुसतात आणि मेंदूकडे बातमी जाते की आग लागली. खरा चटका बसला तरी हेच दार उघडतं, म्हणून तिखट खाल्लं की आपण तोंड भाजलं म्हणतो. मी व्यवसायाने वकील, तोही जमिनीच्या भांडणांचा. मी माझ्या सोयीने भिंत म्हणजे आवाराचा दगडी गडगा, दार म्हणजे कुंपणाचं बेडं आणि क्षार म्हणजे शेजाऱ्याची गुरं असं धरलं. साडू एकदम खूश झाले. "उत्तम! अगदी उत्तम, वकील!" म्हणाले. माझ्या जिभेला सवयच वाईट, मी विचारलं, "मग वहिवाट कुणाची?" साडू विचारात पडले. तीन-चार दिवसांनी कोर्टाच्या आवारात, पक्षकारांच्या गर्दीत, ते मला शोधत आले आणि कानाशी लागून म्हणाले, "वकील, मुख्य वहिवाट कॅल्शियमची." माझा पक्षकार घाबरला. त्याला वाटलं, जागेवर आणखी कुणीतरी हक्क सांगतंय.

हे दार म्हणे कुठल्याच साध्या भिंगातून दिसत नाही. ते क्षणात गोठवायचं, त्याचे लाखो अस्पष्ट फोटो काढायचे आणि ते एकावर एक रचून त्यातून एक स्पष्ट चित्र मिळवायचं. मी म्हटलं, "आमच्या लग्नाचे सगळेच फोटो हललेत. ते एकावर एक रचले तर ही स्पष्ट दिसेल का?" साडूंना थट्टा कळत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी गंभीरपणे हिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दिसेल. पण सगळ्या फोटोंत आकार एकच हवा. तो आता राहिलेला नाही." ही त्या दिवशी आम्हा दोघांशीही बोलली नाही.

सगळं आकारावर आहे, हे त्यांचं पालुपद. कुणी गुडघा धरून आला की आपण विचारतो, फार दुखतंय का. साडू विचारतात, "कसं दुखतंय?" आणि समोरच्याने नुसतं "दुखतंय" म्हटलं तर ते त्यांना पुरत नाही. जळतंय, टोचतंय, ओढल्यासारखं होतंय की मुंग्या येतायत, एकच काय ते सांगा, कारण प्रत्येकाचं दार वेगळं. आमच्याकडे नारळ पाडायला येणाऱ्या गड्याला गडग्यातला विंचू डसला, तेव्हा तो हात धरून अंगणात उड्या मारत होता आणि साडू त्याच्याबरोबर उड्या मारत फिरत होते. विंचवाच्या विषाचं त्यांना फार कौतुक. ते म्हणे उघडलेल्या दाराला आतून खुंटी मारतं, मग दार बंदच होत नाही. "आता वर सरकतंय का? आता थांबून थांबून येतंय का?" साडूंचं चालूच. शेवटी तो गडी ओरडला, "अवो काका, पयला दवाखान्यात न्या, मंग काय ता इचारा!" साडूंनी त्याला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं, पण अर्ध्या वाटेपर्यंत विचारत गेले, असं तो नंतर सगळ्यांना सांगत होता.

त्यांच्या अंगणात मिरचीची रोपं होती आणि ती त्यांनी खाण्यासाठी नव्हे, बुलबुलांसाठी लावली होती. पक्ष्यांच्याही अंगात हेच दार असतं, पण त्यातली खोबण जरा वेगळी. दोन-चार कण इकडचे तिकडे, एवढाच फरक, पण तिखट तिथे बसत नाही. त्यामुळे लवंगी मिरची बुलबुल पेरूसारखी खातात. साडू खुर्ची टाकून हे दृश्य पाहत बसत आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारून दाखवत. मी विचारलं, "म्हणजे बुलबुलाला दुखतच नाही?" तर म्हणाले, "दुखतं हो. चटका बसला तर दुखतं. मिरचीने दुखत नाही." हे मला चार वेळा समजावलं. चारही वेळा मला समजलं आणि घरी येईपर्यंत विसरायला झालं.

या माणसाचं बोलणं मन लावून ऐकणारी अख्ख्या रत्नागिरीत एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांना मुलगा नाही, त्या आमच्याकडे राहतात. मागच्या वर्षी त्यांच्या डाव्या कुशीला नागीण उठली. गेरू लावून झाला, डॉक्टरांची औषधं झाली, फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी स्वच्छ झाली, आणि आग तेवढी राहिली. पंख्याचा वारा लागला तरी भाजतं, पोलक्याचा कापडी काठ टेकला तरी भाजतं. आधी सगळे हळहळले. मग येणारी माणसं म्हणू लागली, "दिसत तर काही नाही." मग म्हणू लागली, "मनातून काढून टाका, नामस्मरण करा." खरं सांगायचं तर आमच्या घरातही, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, असंच काहीसं बोलणं व्हायचं. आयुष्यभर कुणाच्या हातचं पेलाभर पाणीसुद्धा न घेतलेली ही बाई, आणि म्हातारपणी तिच्यावर ढोंगाचा आळ आला होता.

साडूंनी त्यांना पहिल्याच भेटीत नेहमीचा प्रश्न विचारला. सासूबाईंना दुखण्याबद्दल इतक्या बारकाईने कुणी विचारलंच नव्हतं. त्या तासभर बोलल्या. साडूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जखम बरी झाली. पण तिथल्या मज्जातंतूंची दारं बिघडलीत. अशा जागी सुजेतली काही रसायनं दाराला चिकटतात, मग ते इतकं हळवं होतं की नुसत्या अंगाच्या उबेनेही उघडतं. तुम्हाला भाजतंय म्हणजे भाजतंय. मनाचा यात काही संबंध नाही." त्या दिवसापासून सासूबाईंच्या आवाजात जोर आला. कुणी नामस्मरणाचं नाव काढलं की त्या ताठ बसून म्हणत, "नाम घेत्येच हो मी. पण माझं दार बिघडलंय. आमचे मोठे जावई त्यातले तज्ज्ञ आहेत." आळीतल्या बायका काय समजत असतील देव जाणे, पण पुढे त्या "दार कसं आहे?" असं विचारू लागल्या.

सासूबाईंना साडूंचं सगळं बोलणं कळत होतं, याचा मला थोडा हेवाही वाटायचा. संकष्टीला त्या मोदकांची उकड मळत होत्या, तेव्हा साडूंनी एक गोळा मागून घेतला. प्रोटीन म्हणजे एक लांबच लांब दोरा, तो घड्या घालत घालत आकार घेतो, आणि एक घडी चुकली की काम बिघडतं, असं ते सांगू लागले. सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय कळायचंय? एक कळी चुकली की मोदक फुटतो." साडूंनी मान डोलावली आणि उकडीचे चार तुकडे एकमेकांत अडकवून, मधे बारीक भोक ठेवून, आपलं दार तयार केलं. "अगो बाई, देवाच्या पिठाचं हे काय चाललंय?" असं म्हणत म्हणत सासूबाईंनीच ते मोदकपात्रात मोदकांच्या शेजारी ठेवलं. वाफ आली, झाकण काढलं, तर मधलं भोक चांगलं करंगळीएवढं रुंद झालेलं. साडू स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. "उष्णतेने उघडलं! बघा, उष्णतेने उघडलं!" माझ्या मते उकड सैल झाली होती, पण ते बोलायची ती वेळ नव्हती. चंद्रोदयानंतर ते दार तूप घालून माझ्या पानात आलं. सारण नसलेलं प्रोटीन अगदीच सपक लागतं.

पुढचं सांगताना मात्र माझा थट्टेचा सूर टिकत नाही. एका दुपारी साडूंनी सासूबाईंना सांगितलं, की मिरचीतलं हेच तिखट औषध म्हणूनही वापरतात. दार वारंवार उघडत राहिलं की दमतं, मज्जातंतूची टोकं तिथून मागे सरतात, आणि मग तो भाग काही दिवस गप्प होतो. त्याची मलमं आणि पट्ट्या मिळतात, पण त्या डॉक्टरांनीच, जपून लावायच्या असतात. इथल्या डॉक्टरांशी बोलून आपण ती मागवू, असंही ते म्हणाले. सासूबाईंनी सगळं नीट ऐकलं होतं. फक्त त्यांच्या लेखी विकतची वस्तू घरी करता येत असेल, तर विकतची आणणं हा आळशीपणा. माक्याचं तेल त्या दरवर्षी स्वतः कढवतात आणि मुंबईपर्यंत पाठवतात. औषध म्हणजे चांगलं खोबरेल, त्यात ताजा पाला, मंद आच. मग मिरचीचं तेल करायला पट्टी कशाला मागवायची?

आम्ही सगळे सावर्ड्याला एका लग्नाला गेलो होतो. साडू आणि ताई तेवढे मागे राहिले होते, पण ते त्यांच्या घरी, आणि सासूबाई आमच्या घरी एकट्याच. संध्याकाळी परत आलो तर अंगणातच ठसका लागला. शेजारच्या घरातही खोकत होते. आत ओट्यावर कढई, कढईत लालभडक तेल, आणि सासूबाई मोरीत बसून कुशीवर तांब्यामागून तांब्या पाणी ओतत होत्या. पदराचा बोळा दातांत धरलेला होता. हिने रडत रडत ताईला फोन लावला. साडू अनवाणी धावत आले. "पाणी थांबवा! ते पाण्यात विरघळत नाही, पसरतं!" असं ओरडतच ते आत शिरले. मग हिच्या हातात साधं तेल आणि कापूस दिला, साबण दिला, दही मागवलं, आणि दाराबाहेर उभं राहून एकेक गोष्ट सांगत राहिले. आवाज शांत होता. दह्याचं भांडं मात्र त्यांनी न बघताच माझ्या हातात कोंबलं. डॉक्टर येऊन गेले. आग जरा उतरल्यावर सासूबाईंनी साडूंना आत बोलावलं आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना म्हणाल्या, "जावईबापू, दार चांगलंच उघडलं हो. आता दमतं कधी?"

साडू उठले आणि आले तसे अनवाणीच घरी गेले.

मिरचीची आग दुसऱ्या दिवशी निवली. जुनी आग होती तिथे होती. साडू मात्र येईनासे झाले. अंगणातली रोपं त्यांनी उपटून टाकली. ताई सांगायची, दिवसभर संगणकावर त्या दाराचं चित्र फिरवत बसतात, जेवायला हाक मारली तर ऐकू जात नाही. आणि इकडे आमच्याकडे येणारी माणसं पुन्हा नामस्मरणावर आली होती. "बघा, जावयाच्या नादी लागून काय झालं," असंही कुणी कुणी म्हणून गेलं. सासूबाई पहिल्यासारख्या ताठ बसत नसत. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "त्यांना घेऊन या. मिरची मी कढवली, त्यांनी नाही. आणि ते नसले की मी खोटी पडत्ये."

मी गेलो. पडद्यावर निळ्या-हिरव्या फितींचं ते दार गोल गोल फिरत होतं. मला ते कायम मोरीतल्या तारेच्या घासणीसारखं दिसत आलंय. साडू म्हणाले, "वकील, यातला एकेक कण कुठे आहे ते मला झोपेतही सांगता येईल. चाळीस वर्षं मी दुखण्याच्या दाराशी बसून होतो. पण दुखणारं माणूस इतक्या जवळून मी कधी पाहिलंच नव्हतं. आता त्यांच्यासमोर जाऊन सांगू काय?" मला त्यातलं दारही कळलं नव्हतं आणि माणूसही. मी एवढंच म्हणालो, "काही सांगू नका. बसा नुसते. तुम्ही नसलात की त्या खोट्या पडतात." ते उठले आणि एका पायात स्वतःची, दुसऱ्या पायात ताईची चप्पल घालून माझ्याबरोबर निघाले.

सासूबाई उठून बसल्या. मग त्यांनी विचारलं, "बंद होईल का हो माझं?" साडूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माहीत नाही," ते म्हणाले. "ते उघडतं कसं, ते मी पाहिलं. तुमचं मिटत का नाही, ते मला कळलेलं नाही. कदाचित हळूहळू कमी होईल. कदाचित नाही होणार." मला वाटलं, झालं, आता त्या खचणार. पण सासूबाईंनी मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. नाहीतर सगळ्यांना सगळं माहीत असतं." मग हिला हाक मारून त्यांच्यासाठी कोकम सरबत करायला सांगितलं.

तेव्हापासून साडू रोज संध्याकाळी येतात. डॉक्टरांच्या नव्या गोळ्या सुरू आहेत, त्यांचा थोडा उपयोग होतो असं डॉक्टर म्हणतात. साडू आता कुणाला प्रोटीन समजावत नाहीत, निदान पूर्वीइतकं नाही. खुर्ची पलंगाजवळ ओढून बसतात आणि विचारतात, "आज कसं?" सासूबाई म्हणतात, "आज कमी आहे हो." काल कमी होतं, आज त्याहून कमी आहे, असं गेले कित्येक महिने चाललंय. या हिशेबाने दुखणं केव्हाच संपायला हवं होतं. साडूंचा चेहरा खुलतो, ते राजापूरच्या, लहानपणीच्या गोष्टी सांगतात, सासूबाई हसतात. ते गेले की त्या डोळे मिटून घेतात आणि हिला हळूच म्हणतात, "पंखा बंद कर गो." वारा सोसतो असं साडूंना वाटावं म्हणून इतका वेळ तो चालू ठेवलेला असतो.

परवा मी साडूंना सोडायला रस्त्यापर्यंत गेलो. ते थांबले. म्हणाले, "खरं सांगा. झोप लागते त्यांना?" मी म्हणालो, "लागते की. छान लागते." "आणि पंखा?" मी म्हणालो, "हल्ली लावतात. दिवसभर असतो." मी हे इतक्या सहज बोलून गेलो, की माझं मलाच नवल वाटलं. साडू माझ्याकडे पाहत राहिले. ज्याला साधी थट्टा कळत नाही, त्याला एवढं कसं कळलं, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वकील, तुम्ही फार वाईट साक्षीदार आहात." मग म्हणाले, "त्यांना मात्र सांगू नका हं, मला कळलंय म्हणून." आणि उद्या संध्याकाळी येतो म्हणून निघून गेले.